आधी भाडेकरू, मग घर

बेटा,

वडोदऱ्यात भाड्यानं द्यायला घर घ्यायचंय म्हणून तू पाठवलेली तिन्ही ब्रोशरं बघितली. भायलीचा टू बीएचके, हरणीचं बुकिंग, वाघोडिया रोडचा छोटा फ्लॅट. स्विमिंग पूल कुठे आहे ते समजलं, राहणार कोण ते समजलं नाही. तुझ्या एक्सेल शीटमध्ये भाड्याच्या रकान्यात आकडा आहे, माणूस नाही. आणि वर मलाच विचारतेस, "काकू, कुठला एरिया वाढेल?" हा प्रश्नच सोडून दे. भाडेकरू कोण, ते आधी सांग.

भायलीचंच घे. ५० लाखांचा फ्लॅट, भाडं १२ हजार, हे तूच धरलंयस. वर्षाला झाले १ लाख ४४ हजार, म्हणजे धड तीन टक्केही नाहीत. ४० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलंस तर हप्ता जातो ३४,७०० च्या घरात. भाडं आलं तरी २२-२३ हजार तुझ्या पगारातून, मेंटेनन्स निराळा. पगार चांगला आहे, पेलेल. पण फ्लॅट सहा महिने रिकामा राहिला तर? रात्री आठ-साडेआठला त्या टॉवरखाली जाऊन उभी राहा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोज. दलाल हे दाखवणार नाही, तो सकाळी अकराला सॅम्पल फ्लॅट दाखवतो.

हरणीचं कारण तू दिलंस विमानाचा कारखाना. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, खरं आहे. पण तिथला इंजिनिअर हरणीलाच राहील हे तुला कुणी सांगितलं? मुलांची शाळा आणि बायकोची नोकरी जिकडे, तिकडे तो राहणार. बुलेट ट्रेनचंही तेच. स्टेशन बघून कुणी भाड्यानं राहायला येत नाही गं.

भाडेकरू कोण, हे एकदा ठरलं की एरिया आपोआप ठरतो. युनिव्हर्सिटीची मुलं असतील तर प्रतापगंज, फतेगंज. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला, म्हणजे जीआयडीसीतला माणूस असेल तर माणेजा, मांजलपूर. गोत्रीच्या मेडिकल कॉलेजचे डॉक्टर, नर्सेस असतील तर गोत्री. वाघोडिया रोडचा फ्लॅट तू लिमड्याच्या कॉलेजातल्या पोरांसाठी बघतेयस ना? मग सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचार, बॅचलर चालतात का. दाराशीच 'बॅचलरला प्रवेश नाही' अशी पाटी असली तर स्वस्तात मिळालेलं घर कुणाला देणार आहेस? नॉनव्हेजचंही विचार. लाजू नकोस. बाहेरच्या इस्त्रीवाल्याशीही बोल. कोण आलं, कोण सोडून गेलं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

आता पाणी. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला, तेव्हा तू शाळेत असशील. ऑगस्ट २०२४ तर तुलाही आठवतंय. विश्वामित्री नदी गल्लीत शिरते तेव्हा मगरीही येतात, हसण्यावारी नेऊ नकोस. समा, वडसर, मुजमहुड्याकडे तळमजल्याचं घर स्वस्त दिसलं तर पार्किंगमधली मीटरची पेटी बघ. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर नव्यानं बसवलेली असेल तर का, ते शेजारणीला विचार. ज्याचा फ्रिज एकदा तरंगला तो भाडेकरू दुसऱ्या पावसाळ्याची वाट बघत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, मी जन्मभर बँकेत कर्जाच्या फायलीच बघितल्या. बी.यू. परमिशन, म्हणजे इमारत वापरायचा परवाना मिळालेलं घर घे. बांधकाम चालू असलेल्यावर साधारण ५ टक्के जीएसटी बसतो, तयार घरावर नाही. दस्तावेज एकट्या तुझ्या नावानं कर, गुजरातेत बाईला १ टक्का नोंदणी फी माफ आहे. जुन्या शहरात बघणार असशील तर अशांत धारा, म्हणजे दंगलीच्या भागातल्या घरांच्या विक्रीवर बंधन घालणारा कायदा, लागू आहे का ते पाहा. असेल तर आधी कलेक्टरची परवानगी, मग दस्तावेज. बाकी वकील बघेल.

तू म्हणशील, काकू जुन्या जमान्यातल्या. म्हण. गणपतीच्या जेवणात माझे दीरही तेच म्हणतात. त्यांचा भायलीचा फ्लॅट किती वाढला ते दरवर्षी सगळ्यांना ऐकवतात. वाढला असेल. पण विकला का? नाही. भाडेकरू मिळाला का? मध्ये दीड वर्ष कुलूप होतं, ते मोदक वाढताना कुणी बोलत नाही. माझ्या प्रतापगंजातल्या दोन खोल्यांना लिफ्ट नाही, पार्किंग नाही, पण मुलं एकमेकांना सांगून येतात, दलालाला मी दमडी देत नाही. फाइन आर्ट्सच्या एका पोरीनं फरशीवर सांडलेला निळा ऑइल पेंट अजून तसाच आहे, नवी मुलं त्यावर चटई टाकतात. त्या भाड्यावर मुलाच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष निघालं. गोत्रीला तेव्हा स्वस्तात मिळत होतं आणि ह्यांनी हात आखडला, याची रुखरुख आहे मला, नाही कशाला म्हणू? तरी दिरांच्या फ्लॅटशी अदलाबदल करशील का विचारलंस, तर नाही. मी हट्टी आहे, पण माझी खोली रिकामी नाही.

रविवारी सकाळी ये, गोत्रीपासून सुरुवात करू, तिथल्या नर्सेस कुठे राहतात ते बघू. बरोबर तुझी ती एक्सेल शीट आण, भाड्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना काढ आणि तो कोरा ठेव. तोवर टोकन म्हणून एक रुपयासुद्धा देऊ नकोस. दलालाचा फोन आला तर सांग, काकू गावाला गेल्यात, त्यांना विचारल्याशिवाय काही होणार नाही.

तुझी,
काकू