कळतं, पण कळ आधी दाबली जाते

"त्याला सगळं कळतं. विचारलं तर नियम घडाघडा म्हणून दाखवतो. मग मुद्दामच करतो ना?" साडेआठ वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणाऱ्या अवस्थेचं, निदान बालमनोविकारतज्ज्ञांनी आधीच केलेलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर, रांगेत ढकलाढकली, ओरडा बसला की खराखुरा पश्चात्ताप आणि दहा मिनिटांत पुन्हा तेच. वडिलांना मेंदूचा एमआरआय काढून घ्यायचा होता.

सत्रात मुलाला संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक अक्षराला कळ दाबायची, फक्त 'क्ष' आला की नाही. नियम त्याने बिनचूक सांगितला. 'क्ष' आला, कळ दाबली गेली आणि त्याच क्षणी तो म्हणाला, "अरे, हा नव्हता!" चूक कोणी दाखवावी लागली नाही. आई शेजारीच होती. या खेळावरून निदान होत नाही, पण आईचा 'मुद्दाम' हा शब्द तिथेच गळून पडला.

'दाबू नको' हा ब्रेक लावण्यात मेंदूच्या पुढच्या भागाचा, विशेषतः उजव्या बाजूचा, आणि खोलवरच्या बेसल गँग्लिया या पेशीसमूहांचा मोठा वाटा असतो. असे खेळ खेळताना केलेल्या एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) एडीएचडीच्या मुलांत ही यंत्रणा सरासरीने कमी सक्रिय दिसते. 2007 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात मेंदूच्या बाह्यपटलाचा निम्मा भाग कमाल जाडीला पोचायला (ही मेंदू परिपक्व होत असल्याची एक खूण) इतर मुलांना साधारण साडेसात वर्षं लागली, एडीएचडीच्या मुलांना साडेदहा. पण हे सगळे गटाचे आकडे. एकट्या मुलाच्या एमआरआयवरून एडीएचडी आहे की नाही हे ठरत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी स्कॅन नको. (मोबाइलवर तासभर कसा टिकतो, हेही वडिलांनी विचारलंच. तिथे दर काही सेकंदांना बक्षीस मिळतं. लांबच्या बक्षिसाचं वजन या मुलांना फार कमी वाटतं.)

म्हणून समजावणं बंद केलं. नियम त्याला पाठच होता, तो ऐन वेळी हाताशी हवा होता. एकच वर्तन निवडलं: दुसऱ्याचं बोलणं तोडणं. वाक्य ठरलं, "उत्तर सुचलं की तळहात मांडीवर दाबायचा." रोज पाच मिनिटं, सगळे शांत असताना, त्याला उत्तर माहीत असलेली कोडी मुद्दाम सावकाश घालायची. कोडं संपेपर्यंत हात दाबलेला राहिला की लगेच, त्याच क्षणी, बरणीत एक मणी. पाच मणी झाले की त्याच संध्याकाळी त्याने निवडलेला खेळ. रविवारपर्यंत उधारी नाही.

दुसऱ्या आठवड्यात गाडी अडली. चूक झाली की वडील मणी काढून घ्यायला लागले होते. एका संध्याकाळी मुलाने बरणीच उपडी केली. ते बरोबरच होतं म्हणा. कमावलेलं जाणार असेल तर कमवायचं कशाला? मिळालेला मणी परत घ्यायचा नाही, हे आता वडिलांसाठी लिहून फ्रिजवर लावलं आहे. तिसऱ्या आठवड्यात मण्यांचं अप्रूप संपलं. तेही अपेक्षितच होतं, बक्षिसांची यादी बदलली.

घरात आता तो मधेच तोंड उघडतो, हात मांडीवर जातो आणि पुष्कळदा तोंड मिटतं. रांगेतली ढकलाढकली तशीच आहे, कारण तिथे मणी टाकायला कोणी नसतं. त्यासाठी वर्गशिक्षिकांशी बोलणं चालू आहे.