देवाने माफ केलं, मग बांधाचं काय?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्रासोबत धुळ्याला गुड फ्रायडेच्या उपासनेला गेलात, ‘येशूने आमची पापं वाहिली’ हे ऐकलंत, आणि मनात आलं की ज्याचं नुकसान झालं त्याने मग कोणाकडे बघायचं? मी नवापूरकडचा, लहानपणापासून चर्चमध्ये बसतोय. मला हा प्रश्न घरातच भेटला.

आधी एक घोळ काढू. ‘पापं वाहिली’ म्हटलं की आठवतो तो आपल्या बोलण्यातला ‘बळीचा बकरा’ कापला जातो. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायात, यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, बकरे दोन आहेत. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वराचा ठरतो. त्याला कापून रक्त पडद्याआड दयासनावर, म्हणजे कराराच्या पेटीच्या झाकणावर, शिंपडतात. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक (पुरोहित) दोन्ही हात ठेवून लोकांची पापं कबूल करतो आणि त्याला जिवंत रानात सोडतात. पापं वाहून नेतो तो हा, न कापलेला. नवसाच्या बोकडाशीही गल्लत नको. नवस देवाने दिलं म्हणून फेडायचा असतो.

आणि सगळं रक्तावरच अडलेलं नव्हतं. ज्याला अर्पणासाठी दोन पारवेही परवडत नसतील त्याने एफाचा दशांश, म्हणजे दोनेक लिटर, सपीठ आणावं. तेही पापार्पणच, म्हणजे पापासाठीचं अर्पण (लेवीय ५). नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्रा’त ‘रक्त ओतल्यावाचून क्षमा नाही’ येतं, पण त्याच वाक्याच्या सुरुवातीला ‘बहुतेक सगळं’ रक्ताने शुद्ध होतं, असंही आहे. आमचे प्रचारक ते घाईत गिळतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लेवीयच्याच पुढच्या, सहाव्या अध्यायात आहे. फसवून घेतलं, लुबाडलं, सापडलेलं दडवलं, तर मूळ वस्तू परत, वर पाचवा हिस्सा, ज्याची त्याला. शंभराचे एकशेवीस. दोषार्पणाचा मेंढा त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे. येशूनेही हे सोडलं नाही: वेदीजवळ आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर (मत्तय ५). फक्त जक्कयाच्या गोष्टीत क्रम उलटतो. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, आणि मग तो जकातदार आपणहून चौपट परत करायची भाषा करतो.

वधस्तंभावर नेमकं काय घडलं यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. मार्क १०:४५ मध्ये ‘खंडणी’ शब्द आहे, म्हणजे सुटकेसाठी दिलेली किंमत. ती कोणाला दिली? ओरिगेन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताला वाटलं सैतानाला. १०९८ च्या सुमारास अन्सेल्म या धर्मपंडिताने म्हटलं, देणं देवाचं होतं. मला दोन्ही हिशोब अपुरे वाटतात, पण देवाचं देणं फिटलं म्हणून शेजाऱ्याचं फिटतं, असं दोघांपैकी कोणी म्हटलेलं नाही.

आता घरचं. आमचे आजोबा दरवर्षी नांगरताना शेजारच्या वावराचा बांध एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक चर, कोरायचे. ते गेल्यावर काका, चर्चमध्ये पापकबुली वगैरे सगळं झालेले, शेजाऱ्याकडे माफी मागायला गेले. ते म्हातारे शेजारी म्हणाले, “देवनी तुले माफ करं व्हई, पन मना बांधनं काय?”

काकांनी मोजणी आणली, बांध मागे घेतला, वर दोन तास आपल्यातले सोडले. शेजाऱ्यांनी जमीन घेतली. काकांशी बोलले मात्र तिसऱ्या वर्षी, कपाशी वेचायला माणसं कमी पडली तेव्हा.

काकांनी तोवर एकदाही ‘मला माफ केलंत का’ असं विचारलं नव्हतं.