फॉस्टर म्हणून आणलेली ठमी आता परत मागत आहेत

प्रश्न : मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. सात महिन्यांपूर्वी, भटक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका गटाने पाय मोडलेली एक गावठी कुत्री माझ्याकडे ठेवली. ‘पंधरा दिवस सांभाळा, खर्च आम्ही देऊ,’ एवढंच व्हॉट्सॲपवर ठरलं होतं. ठमीचा पाय, मग गोचीडताप, नसबंदी, लसी हे सगळं मीच केलं. सव्वीस हजारांच्या आसपास खर्च झाला, त्यांच्याकडून एक रुपयाही आला नाही. आता त्यांनी तिला बंगळूरच्या एका कुटुंबाला द्यायचं ठरवलंय. ‘आम्हालाच द्या’ म्हटलं, तर ‘चोरीची तक्रार करू’ म्हणतात. त्यात सोसायटीची नोटीस आली आहे की भाडेकरूंना कुत्रा पाळता येणार नाही. नवरा वैतागून म्हणतो, जिथून उचलली तिथेच सोडून ये. कायदा माझ्या बाजूने आहे का?

उत्तर : ताई, आधी तुमच्या यजमानांच्या म्हणण्याबद्दल बोलते, कारण ती गोष्ट एकदा केली की निस्तरता येणार नाही. ठमीला रस्त्यावर सोडू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातलं कलम ३ प्राण्याची जबाबदारी फक्त मालकावर टाकत नाही. ज्याच्या देखरेखीखाली प्राणी आहे, त्या प्रत्येकावर टाकतं. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, हा काही दशकांपूर्वीचा आकडा आजही तसाच आहे आणि मला त्याची खरोखर चीड येते. पण दंड किरकोळ म्हणून गुन्हा किरकोळ ठरत नाही. सात महिने गादीवर झोपलेल्या, एका पायाने अधू कुत्रीला त्या गल्लीतली आताची कुत्री टिकू देणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, महापालिकेकडे अर्ज करून दत्तक घेतलेलं भटकं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. ठमी त्या मार्गाने तुमच्याकडे आलेली नाही, पण न्यायालयाचा कल कुठे आहे हे त्यावरून कळतं.

आता ठमी कुणाची, हा मुख्य प्रश्न. प्राणी दत्तक घेण्यासाठी आपल्याकडे मुलांसारखा वेगळा कायदा नाही. कुत्रं आजही जंगम मालमत्ता मानलं जातं. जल्लीकट्टूवरच्या २०१४ च्या नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांचं सन्मानाने जगणं मान्य केलं, पण दोन माणसं एकाच कुत्र्यावर हक्क सांगू लागली की निवाडा मालमत्तेच्या आणि कराराच्या कायद्यानेच होतो. तुम्ही ठमीला ‘सांभाळायला’ घेतलंत. १८७२ च्या करार कायद्यात कलम १४८ पासून निक्षेपाचं प्रकरण आहे, म्हणजे दुसऱ्याची वस्तू ठरावीक कामासाठी आपल्या ताब्यात घेणं आणि काम झालं की परत करणं. फॉस्टरिंग, म्हणजे प्राण्याला तात्पुरतं सांभाळणं, यात जवळपास जसंच्या तसं बसतं. शिवाय हे प्रकरण जनावरांना नवं नाही. दुसऱ्याकडे सांभाळायला दिलेली गाय व्याली तर वासरूही मालकाला परत करावं लागतं, हे उदाहरण कलम १६३ मध्येच दिलेलं आहे. ठमीला पिल्लं झाली असती, तर तीही गटाची ठरली असती.

तुमच्या मनात आलं असेल की गटाने तरी तिला कुठे विकत घेतलं होतं? रस्त्यावरूनच उचललं. हा मुद्दा बिनबुडाचा नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये समाजातल्या प्राण्याची व्याख्याच अशी आहे की ज्याच्यावर कुणीही मालकी सांगितलेली नाही तो. पण तुम्ही हा मुद्दा मांडू शकणार नाही. ज्याने सांभाळायला दिलं, त्याला मुळात देण्याचा अधिकारच नव्हता, असं सांभाळणाऱ्याला नंतर म्हणता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यातला हा नियम नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तेव्हा मालकीच्या प्रश्नावर तुमची बाजू कमकुवत आहे, आणि हे मी आडपडदा न ठेवता सांगितलेलं बरं. लसीच्या कार्डावर, नसबंदीच्या कागदावर तुमचं नाव आहे, त्यातून तुम्ही केलेली देखभाल सिद्ध होते. मालकी सिद्ध होत नाही.

खर्चाच्या बाबतीत मात्र कायदा स्पष्टपणे तुमच्या बाजूने आहे. मोबदला न घेता दुसऱ्यासाठी वस्तू सांभाळणाऱ्याला आवश्यक खर्च परत द्यायचा, असं करार कायद्याचं कलम १५८ सांगतं. तुमच्याकडे तर ‘खर्च आम्ही देऊ’ हे लेखी वचनही आहे. डॉक्टरांची बिलं, औषधांच्या पावत्या, यूपीआयच्या नोंदी तारखेप्रमाणे लावा. व्हॉट्सॲपचं सगळं संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकू नका, रीसेटही करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. गोचीडतापाचे उपचार आणि पायाची शस्त्रक्रिया हे आवश्यक खर्च आहेत यावर कुणी वाद घालणार नाही. महागडा बिछाना, खेळणी त्या यादीत घालू नका, त्याने खऱ्या मागणीचं वजन कमी होतं.

पण ‘पैसे मिळेपर्यंत कुत्री देणार नाही’ असं चुकूनही लिहू नका. वस्तू अडवून ठेवण्याचा करार कायद्याच्या कलम १७० चा हक्क त्या वस्तूवर मेहनत किंवा कसब वापरून काम करणाऱ्याला आहे. नुसतं सांभाळणाऱ्याला तो मिळेल याचा भरवसा मी देणार नाही. शिवाय अशा एका वाक्याने तुमची माया खंडणीसारखी दिसू लागते.

चोरीच्या धमकीने घाबरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीत दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने वस्तू नेलेली असावी लागते. इथे त्यांनी स्वतः आणून दिलं आहे. कलम ३१६ चा फौजदारी विश्वासघात लागू करायलाही अप्रामाणिक हेतू लागतो, आणि ‘ती माझ्याकडेच आहे, मला ती दत्तक हवी आहे’ असं उघडपणे सांगणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो दाखवणं अवघड आहे. मात्र ठमीला गुपचूप गावी पाठवलंत, मैत्रिणीकडे लपवलंत किंवा ‘ती पळून गेली’ असं सांगितलंत, तर तो हेतू तुम्ही आपल्या हाताने सिद्ध कराल. पोलीस ठाण्यातून फोन आला तर शांतपणे जा, संभाषणाच्या प्रती सोबत न्या आणि वाद दिवाणी आहे असं लेखी जबाबात द्या.

बंगळूरच्या कुटुंबाबद्दल एक बारीक पण उपयोगाची गोष्ट. पैसे न घेता ठमी त्यांना दिली जाणार असेल, तर कायद्याच्या नजरेत ते बक्षीस आहे. जंगम वस्तूचं बक्षीस नोंदणीकृत दस्ताने किंवा ताबा दिल्याने पूर्ण होतं, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२३ सांगतं. ठमी अजून तुमच्या घरात आहे, म्हणजे बहुधा ती अजून त्यांची झालेली नाही आणि गट आपला निर्णय बदलू शकतो. बोलणी करायला वेळ आहे तो हाच.

म्हणून वकिलाची नोटीस न पाठवता आधी स्वतः पत्र लिहा. प्राण्यांसाठी राबणाऱ्या या मंडळींना रोज परत आलेली, टाकून दिलेली कुत्री पाहावी लागतात. ‘भाड्याचं घर, सोसायटीचा विरोध, नवऱ्याची नाराजी’ हे ऐकून ते बिचकले असतील तर मला त्यात नवल वाटत नाही. त्यांची ती शंका दूर करा. घर पाहायला बोलवा, डॉक्टरांचं पत्र जोडा, यजमानांची सहीही घ्या. ते मनापासून तयार नसतील तर आधी घरातच बोला. दत्तक दिल्यास खर्चाची मागणी सोडायची तयारी तुम्ही दाखवू शकता. माझ्या मते तुमच्या हातात असलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

ते दत्तकपत्र पुढे करतील तेव्हा वाचून सही करा. पिल्लं काढणार नाही, सांभाळणं जमलं नाही तर गटाकडेच परत देऊ, वर्षातून एकदा भेट द्यायला येऊ देऊ, या अटी रास्त आहेत. ‘गटाला वाटेल तेव्हा कुत्री परत नेता येईल’ ही अट मान्य करू नका. देणाऱ्याच्या केवळ मर्जीवर मागे घेता येणारं बक्षीस मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे टिकत नाही, आणि उद्याच्या भांडणाचं मूळही तिथेच असतं. अटभंगाला लाखाचा दंड लिहिलेला असला, तरी करार कायद्याचं कलम ७४ त्या रकमेच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देतं. करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा.

सोसायटीच्या नोटिशीचं फार ओझं घेऊ नका. कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, अगदी बहुमताच्या ठरावानेही नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अशा अटी बेकायदा ठरवल्या. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण उत्तरात जरूर लिहा. बाहेर नेताना पट्टा, विष्ठा उचलणं, रेबीजची लस वेळेवर हे मात्र काटेकोर पाळा. ठमी कुणाला चावली आणि तुमचा निष्काळजीपणा दिसला, तर न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

खरी अडचण घरमालकाची आहे, आणि तुम्ही पत्रात त्याचा उल्लेखही केलेला नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात पाळीव प्राण्यांना मनाई असेल, तर ती तुम्ही सही करून मान्य केलेली अट आहे. मंडळाच्या सूचना तिथे कामाला येत नाहीत. करार आजच काढून पाहा. अट असेल तर घरमालकाची लेखी संमती मिळवा, ईमेलवरचं ‘हरकत नाही’ एवढंही पुष्कळ आहे. ती हातात आल्यावरच गटाला पत्र पाठवा, कारण त्यांचा पहिला प्रश्न हाच असेल.

सगळं करूनही ते नाहीच म्हणाले, तर ठमी परत द्यावी लागेल. हे लिहिताना मला जड जातंय. दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो आणि कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं. तिला त्या ओढाताणीत ठेवू नका. देताना तारीख-वेळ घालून पोच घ्या, उपचारांचे सगळे कागद द्या आणि तिच्या सवयी लिहून द्या : कशाला घाबरते, काय खात नाही, कोणत्या पायाला हात लावू देत नाही. खर्चाची मागणी त्याच दिवशी वेगळ्या पत्राने करा. त्या दाव्यासाठी तुमच्याकडे तीन वर्षांची मुदत आहे. आणि परवानगी मिळून ठमी तुमच्याकडेच राहिली, तर दत्तकपत्र आणि रेबीज लसीचं प्रमाणपत्र घेऊन महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना तुमच्या नावाने काढा.