डंडास स्ट्रीट आणि आमचं बेळगाव

प्रिय मनू,

परवा जेवताना तू विचारलंस, "टोरांटोच्या डंडास स्ट्रीटचं नाव बदला म्हणून तू सही केलीस. मग बेळगावचं बेळगावी केलं त्याचा राग का?" मला उत्तर सुचलं नाही, मी ताटं उचलली. प्रश्न लागला गं, कारण तो खरा आहे.

ज्याचं नाव त्या रस्त्याला आहे तो ब्रिटिश मंत्री हेन्री डंडास कॅनडात कधी आलाच नाही. लंडनमध्ये बसून त्याने १७९२ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या ठरावात 'हळूहळू' हा शब्द घुसवला. तो व्यापार कायद्याने थांबायला १८०७ उजाडलं. हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या मंडळाचाही तो अध्यक्ष होता. म्हणून मी सही केली. २०२३ मध्ये पालिकेने त्याच्याच नावाच्या चौकाचं नाव बदलायचं ठरवलं, रस्त्याचं तेच ठेवलं.

असे साहेब आमच्याकडेही होते. धारवाडचा कलेक्टर ठॅकरे १८२४ साली कित्तूर घ्यायला गेला आणि तिथेच मारला गेला. ते कित्तूर आज बेळगाव जिल्ह्यातच आहे, आणि शहराच्या मुख्य चौकाला नाव आहे ते कित्तूरच्या राणी चन्नम्माचं. आम्ही मराठी पोरी "चन्नम्मा सर्कलला भेटू" म्हणायचो. ती कन्नड राणी आहे हे कधी टोचलं नाही.

टोचलं ते खडेबाजारात. दुकानाची पाटी नव्याने रंगवायची होती, नियमाप्रमाणे कन्नड वर आणि मोठं. पेंटर घरी कन्नड बोलायचा, आमच्याशी मराठी. मराठीला खाली अरुंद पट्टी उरली. अण्णा शिडी धरून उभे, "अरे, ळ नीट काढ." त्याने अक्षर पुसलं आणि पुन्हा काढलं, मन लावून. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूरात गेलो, तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, हे अण्णा घरात कितीदा सांगत. त्या दिवशी मात्र काहीच बोलले नाहीत.

१ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी हे नाव सरकारी झालं. मला वाटतं, न विचारता बदललं याचाच राग आहे. पण त्या पेंटरच्या घरी आधीपासून बेळगावीच म्हणत असणार. त्याला ते परत मिळाल्यासारखं वाटलं असेल, तर मी काय म्हणू?

तू बेळगावी म्हणालीस तरी मी टोकणार नाही. उन्हाळ्यात गेलो की अण्णांना हाच प्रश्न विचार. ते चिडतील, माझ्याहून वेगळं काही सांगतील. तरी विचार.

आई