जाहिरातीचा पैसा कोल्हापूरचा, नफा कुठला?

मोठ्या टेक कंपन्यांच्या कराबद्दल या वेळी बरीच पत्रं आली आहेत. जागेअभावी चार निवडली.

प्रश्न : भवानी मंडपाजवळ माझं चपलांचं दुकान आहे. महिन्याला दहा हजारांच्या ऑनलाइन जाहिराती देतो, त्यावर १८ टक्के जीएसटी भरतो. मग कंपन्या कर भरत नाहीत असं का म्हणतात?

बिलावरचे ते अठराशे रुपये तुमच्या खिशातले आहेत. कंपनी ते फक्त गोळा करून सरकारला देते. वाद आहे तो तिच्या नफ्यावरच्या आयकराचा. पुढचं बिल आलं की वरचं नाव वाचा. बहुतेक वेळा ते भारतीय उपकंपनीचं असतं. ही उपकंपनी जाहिरातीची जागा परदेशातल्या आपल्याच भावकीकडून विकत घेते. तुमच्या दहा हजारांतला मोठा हिस्सा तिकडं जातो आणि इथल्या वहीत तो खर्च म्हणून लागतो. मागं जे थोडं मार्जिन उरतं, त्यावर इथं आयकर लागतो.

यात बेकायदा काही नाही. देशोदेशींच्या करारांनुसार परदेशी कंपनीची इथं कचेरी किंवा कारखाना असा कायमचा ठिय्या असेल, तरच तिच्या धंद्याच्या नफ्यावर इथं कर लावता येतो. माल विकायला माणूस पाठवावा लागायचा, त्या काळातला हा नियम. लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याला मात्र गोदाम उचलून परदेशात नेता येत नाही, तो पूर्ण कर भरतो. मला हा उघड अन्याय वाटतो. गिऱ्हाईक जिथलं, नफ्यातला वाटाही तिथला असायला हवा.

प्रश्न : मध्यंतरी ‘गूगल टॅक्स’ आला होता. त्याचं काय झालं?

रद्द झाला. १ जून २०१६ पासून परदेशी कंपनीला दिलेल्या जाहिरातीच्या पैशांवर ६ टक्के समानीकरण शुल्क होतं. २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांच्या उलाढालीवर आणखी २ टक्के आलं. आयकरापासून वेगळं ठेवल्यामुळं कर-करारांची अडचण त्याला येत नव्हती, हीच त्यातली हुशारी. अमेरिकेनं मात्र ते भेदभावाचं ठरवून भारताच्या मालावर जादा आयात शुल्काचा इशारा दिला. २ टक्के १ ऑगस्ट २०२४ पासून गेलं, ६ टक्के १ एप्रिल २०२५ पासून. बदल्यात, अशा कंपन्यांच्या नफ्यावरचा कर देशादेशांत वाटून देणारा जागतिक करार पदरात पडण्याआधीच आपण हातातलं हत्यार खाली ठेवलं. ही चूक झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : असा कर शेवटी आम्हा दुकानदारांच्याच माथी बसणार ना?

काही प्रमाणात, हो. ब्रिटननं २०२० मध्ये २ टक्के कर लावल्यावर गूगलनं तिथल्या जाहिरातदारांच्या बिलात तेवढीच रक्कम वाढवली. त्यामुळं उलाढालीवरचा कर हा तात्पुरता उपाय. खरा कर नफ्यावरच हवा, आणि कोणत्या देशातून किती उत्पन्न आलं त्या प्रमाणात तो वाटला जावा.

प्रश्न : केएमटीला (कोल्हापूर महापालिकेची बससेवा) बस घ्यायला पैसे नाहीत, सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपरलाच तासभर रांग. महापालिका किंवा राज्य हा कर लावू शकत नाही का?

नाही. जाहिरातींवर कर लावायचा राज्यांचा अधिकार जीएसटीसाठी २०१६ मध्ये झालेल्या घटनादुरुस्तीत निघून गेला. परदेशी कंपन्यांचा आयकर केंद्राकडं जातो. केंद्राच्या ज्या करांत राज्यांना वाटा मिळतो, त्या वाटपयोग्य करांतले ४१ टक्के पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांना दिले, पण उपकर (सेस) आणि अधिभार (सरचार्ज) त्या वाटपात धरले जात नाहीत. खरी मेख इथंच आहे. उद्या हा कर उपकराच्या नावानं परत आला, तर सीपीआरच्या रांगेतल्या माणसाला त्याचा उपयोग होईलच असं नाही. तेव्हा खासदारांना पत्र लिहाल, तर दोन्ही मागण्या एकत्र लिहा : शुल्क परत आणा, आणि ते वाटपयोग्य करांत धरा.