आधी माप विचार

प्रिय बेटा,

नागपूरच्या कळमना बाजारात अडतीवर बिलं लिहायला लागलीस, फार बरं वाटलं. पण परवा तू सांगितलेली गोष्ट मनातून जात नाही. कुहीकडचे आजोबा म्हणाले, "आमच्याकडे दहा खंड्या धान व्हायचं." तू लगेच मोबाईलवर २० मणांची खंडी, ३७.३२ किलोचा मण असा हिशेब करून ७,४६४ किलो सांगितलेस. ते गप्प झाले.

गणित बरोबर होतं, माप चुकलं. त्यांचं धान घरी काट्यावर चढतच नव्हतं. कुडव, पायली अशा भांड्यांनी मोजलं जायचं, आणि त्यात किती मावतं ते बघायचे, भार नव्हे. पायलीभर तूर आणि पायलीभर धान सारख्या वजनाचं भरत नाही. त्यात गावोगावची पायली वेगळी. कापसाची खंडी तर आणखी निराळी, ७८४ पौंडांची, साधारण ३५६ किलो. रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव आजही याच खंडीवर निघतो.

म्हणून आधी विचारायचं, कशाने मोजलं? आणि शीग लावून, म्हणजे मापावर ढीग ठेवून, की हात फिरवून सपाट करून? हा दुसरा प्रश्न मला आईमुळे कळला. दिवसभर निंदण केलं की तिला मजुरीची ज्वारी मिळायची. मालकाच्या घरी उसनी ज्वारी परत घेताना पायलीवर शीग लागायची, मजुरी देताना त्याच पायलीवरून हात फिरायचा. वरचा तो ढीग म्हणजे आमची एका वेळची भाकर होती. आठवलं की आजही राग येतो.

भावाचंही तसंच. 'चार आण्यात मिळायचं' ऐकून स्वस्ताई समजू नकोस, त्या दिवसाची मजुरी किती होती ते विचार. सालही विचार. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा चार आण्यांचे २५ पैसे धरायचे, पण सुट्या एका आण्याचे सहाच. एकेक आणा चारदा मोडला की एक पैसा गेला. आमच्यासारख्या घरात तोही मोजला जायचा.

ते आजोबा पुन्हा आले की चहा दे, आणि त्यांचा कुडव केवढा होता ते हातांनी दाखवायला सांग. वहीत गाव, माल, भांडं, शीग असं लिहून ठेव. दिवाळीत येशील तेव्हा ती वही घेऊन ये, मला बघायची आहे.

तुझे काका