नोकरीतला खंड, भारतातला मुक्काम आणि सिटिझनशिपचा अर्ज

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी एन-४०० भरायला बसलं की दोन तक्ते भल्याभल्यांना घाम फोडतात. एक गेल्या पाच वर्षांतल्या नोकऱ्यांचा आणि दुसरा देशाबाहेरच्या प्रवासांचा. या वेळी आलेले प्रश्नही त्यांच्याचबद्दल आहेत.

२०२३ च्या जानेवारीत ले-ऑफमध्ये नोकरी गेली. पुढचे चौदा महिने घरी होतो. हा खंड दिसू नये म्हणून मित्राच्या कंपनीत कन्सल्टंट होतो असं लिहिलं तर चालेल का? (ऑस्टिन)

कृपा करून असं काही लिहू नका. नोकरी असणं ही नागरिकत्वाची अटच नाही. ग्रीन कार्डवाल्या माणसाने वर्षभर घरी बसणं हा गुन्हा नाही आणि फॉर्ममध्ये 'अनएम्प्लॉइड' लिहायची रीतसर सोय आहे. तारखा घाला, तो शब्द लिहा आणि पुढे चला. इंटरव्ह्यूत फार तर विचारतील, घर कसं चालवलं? बचत, बेकारी भत्ता, पत्नीचा पगार, जे खरं असेल ते सांगा. बेकारी भत्ता करपात्र असतो, तेव्हा तो त्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलाय ना, एवढं आधी तपासा.

मित्राच्या कंपनीचं नाव घातलंत तर मात्र त्या कंपनीचा एक पैसाही तुमच्या टॅक्स ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कर खात्याकडच्या नोंदींत, सापडणार नाही. आणि इंटरव्ह्यू शपथेवर होतो. फायदा मिळवण्यासाठी शपथेवर खोटं बोललं की नागरिकत्वासाठी लागणारी चांगल्या वर्तणुकीची अट तिथेच मोडते, मग ते खोटं कितीही किरकोळ असो. सुप्रीम कोर्टाने १९८८ साली कुंगिस खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. जो खंड कुणालाही खटकला नसता तो झाकायला जाऊन अर्ज गमावलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून २०२४ मध्ये नोकरी सोडून सांगलीला गेले. १९६ दिवस राहिले. नवरा आणि मुलगा इथेच होते. आता पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची का? (एडिसन)

लगेच नाही. नागरिकत्वासाठी ग्रीन कार्डवर पाच वर्षांचं सलग वास्तव्य लागतं, प्रश्न त्याचा आहे. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी बाहेर राहिलात, तर वास्तव्यात खंड पडला असं अधिकारी गृहीत धरतात. ते गृहीतक खोडून काढायची संधी तुम्हाला असते, मात्र पुरावा तुम्ही द्यायचा. नियमात चार गोष्टींचा उल्लेख आहे: इथली नोकरी सुटली नव्हती, जवळचं कुटुंब इथेच होतं, घर तुमच्या ताब्यात होतं आणि बाहेर नोकरी धरली नाही. पहिली तुमच्या विरोधात जाते. उरलेल्या तिन्हींवर भर द्या.

मुलाच्या शाळेचं पत्र, त्या महिन्यांचे घराचे हप्ते किंवा भाडं, जोडीने भरलेलं रिटर्न, वडिलांचं डिस्चार्ज कार्ड हे सगळं जोडा. अशाच एका ताईंच्या फाइलमध्ये सगळ्यात बोलका कागद ठरला तो विमान कंपनीचा ईमेल. मुळातलं परतीचं तिकीट पाचव्या महिन्याचं होतं आणि ज्या आठवड्यात आईला पुन्हा आयसीयूत हलवलं त्याच आठवड्यात ते पुढे ढकललं होतं. परत यायचं ठरलेलंच होतं, हे त्यावरून आपोआप दिसलं. तुमच्याकडेही असं काही असेल, मेलबॉक्स धुंडाळा.

ऑगस्ट २०२५ पासून अधिकाऱ्यांना अर्जदाराचं वागणं सर्व अंगांनी तोलायला सांगितलं आहे. त्यात स्थिर नोकरी जमेची धरली जाते, तशीच कुटुंबातल्या माणसाची शुश्रूषाही. नोकरी का सोडली हे दोन ओळींत लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सांगलीहून एखाद्या भारतीय कंपनीचं काम केलं असेल तर तेही लिहायचं. तशा वेळी अर्जाआधी वकिलाला फाइल दाखवा.

मुलाने ग्रीन कार्ड करून दिलं. दरवर्षी साडेपाच महिने पुण्यात असते, सहा महिने कधीच ओलांडत नाही. मग अडचण नाही ना? (फ्रीमाँट)

काकू, हिशेब दोन आहेत. पाच वर्षांत किमान ९१३ दिवस प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. जाण्याचा आणि येण्याचा दिवस अमेरिकेतच धरतात. वर्षातून एकदाच साडेपाच महिने जात असाल तर ही संख्या भरते. पण वर्षात दोन खेपा झाल्या, मध्ये महिनाभरच इथे थांबलात, तर भरणार नाही आणि तुमचं खरं घर पुण्यातच आहे असा प्रश्न ग्रीन कार्डवरही येईल. दुसरं म्हणजे, री-एंट्री परमिट (लांबच्या मुक्कामाआधी काढायचा परतीचा परवाना) काढलंय म्हणून निर्धास्त राहू नका. त्याने ग्रीन कार्डला आधार मिळतो, नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य त्याने वाचत नाही. वर्ष किंवा अधिक बाहेर राहिलात तर परतल्यावर चार वर्षं आणि एक दिवसाने अर्ज करता येतो, पण तेव्हाही वरचं गृहीतक मानगुटीवर असतंच. मी साडेचार वर्षं थांबायला सांगते.

ग्रीन कार्ड आल्यावर दोन महिन्यांत स्पॉन्सर कंपनी, म्हणजे जिने ते करून दिलं ती, सोडली. आता ते उकरून काढतील का? (शिकागो)

विचारू शकतात. ग्रीन कार्ड मुळात योग्य रीतीने मिळालं होतं का, हे नागरिकत्वाच्या वेळी पुन्हा बघतात. कार्ड मिळाल्यावर अमुक महिने तिथेच राहा असा लेखी नियम नाही, प्रश्न तेव्हाच्या हेतूचा असतो. कंपनीने काढलं, प्रोजेक्ट बंद पडला, पगार थकवला, असं कारण असेल तर त्याचं पत्र किंवा ईमेल जपून ठेवा. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, सहा महिन्यांहून जास्त पडून होता आणि त्याच प्रकारच्या कामावर गेलात, तर बाजू बरीच भक्कम होते.

प्रवासाच्या नेमक्या तारखा आठवत नाहीत. अंदाजे लिहू का?

आधी पासपोर्टवरचे मुंबईचे शिक्के बघा, मग तिकिटांचे ईमेल, मग फोनमधले फोटो. जुना पासपोर्ट भारतात कपाटात असेल तर घरच्यांकडून प्रत्येक पानाचा फोटो मागवा. एवढं करूनही एखादी तारीख नाही सापडली, तर ती अंदाजे आहे असं अर्जाच्या जोडपानावर स्पष्ट लिहा.